मुखत्यारीची मर्यादा

परगांवीं जातांना घराची किल्ली शेजाऱ्यापाशीं ठेवावी, ही रीत आपल्या समाजांत इतकी मुरलेली आहे कीं तींत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें कोणास वाटत नाहीं. पण किल्ली देतांना आपण नेमकें काय देतों? झाडांस पाणी घालण्यापुरती मोकळीक, असें आपण मनांत म्हणतों. किल्लीला मात्र तें ठाऊक नसतें. ती ओसरी उघडते तशी कोठीची खोलीहि उघडते. देणाऱ्याच्या मनांतली मर्यादा आणि दिलेल्या वस्तूचें सामर्थ्य यांमध्यें जें अंतर राहतें, तें सारें शेजाऱ्याच्या सज्जनपणानें भरून काढावयाचें असतें. व्यवहारी लोकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें, आणि म्हणूनच कुलमुखत्यारपत्र निराळें व एकाच कामापुरतें खास मुखत्यारपत्र निराळें, असा भेद कचेऱ्यांतून चालत आला.

संगणकाच्या महाजालांत हा भेद बराच काळ नव्हता. नव्या संकेतस्थळावर नांव नोंदविलें कीं तें म्हणे, तुमचे स्नेही येथें कोण कोण आहेत तें आम्ही शोधून देतों, तुमच्या ईमेलचा पासवर्ड तेवढा सांगा. आणि एरव्हीं चार वेळां कडी तपासून पाहणारे सुशिक्षित गृहस्थ तो बिनदिक्कत सांगत! पासवर्ड म्हणजे शुद्ध कुलमुखत्यारपत्र. त्यानें पत्ते वाचतां येत, तशीं पत्रेंहि वाचतां येत, आणि मालकाच्या नांवानें नवीं पाठवितांहि येत. दिलेला अधिकार परत घेणें म्हणजे कुलूपच बदलणें. तें बदललें कीं ज्यांस ज्यांस किल्ली दिली होती ते सारेच एकदम बाहेर. फ्लिकर, गूगल, याहू यांनीं आपापल्यापुरते उपाय योजिले होते, पण प्रत्येकाची रीत वेगळी. नोव्हेंबर २००६ च्या सुमारास ट्विटरमधील ब्लेन कुक व त्यांचे कांहीं समव्यवसायी यांच्या ध्यानांत आलें कीं सर्वांस सारखें वापरतां येईल असें खुलें प्रमाण या कामासाठीं कोठेंच नाहीं. त्या विचारांतून २००७ च्या अखेरीस 'ओऑथ' या प्रमाणाची पहिली आवृत्ति निघाली.

त्याची रीत थोडक्यांत अशी. मागणाऱ्यानें आपल्याला पासवर्ड विचारावयाचा नाहीं. ज्याच्याकडे आपली माहिती आहे त्याच्याच दारीं आपल्याला पाठवावयाचें. तेथें आपण आपली ओळख पटवावयाची, काय मागितलें आहे तें वाचावयाचें, आणि होकार द्यावयाचा. मग मागणाऱ्याच्या हातीं एक टोकन पडतें. तें तेवढ्याच कामास चालतें आणि वाटेल तेव्हां रद्द करतां येतें. इतरांस दिलेल्या परवानग्यांस धक्का लागत नाहीं. ऑगस्ट २०१० मध्यें ट्विटरनें परक्या ॲपांस पासवर्डानें आंत येण्याची वाट बंद केली. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तींत परवानगीची व्याप्ति व मुदत नमूद करण्याची सोयहि आली.

यावर एक जुन्या वळणाचा आक्षेप आमच्या ऐकण्यांत आहे, आणि तो हसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. विश्वास मोजून मापून द्यावा लागला कीं तो विश्वास राहिला कोठें? शेजाऱ्याला किल्ली न देतां खिडकीतून झारी देणें म्हणजे त्याचा अपमानच नव्हे काय? आम्हांस वाटतें, येथें दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ज्या मुनिमाच्या कमरेला सगळ्या किल्ल्या, त्याच्यावर प्रत्येक हरवलेल्या वस्तूचा संशय. त्याला एकाच पेटीची किल्ली दिली, तर उरलेल्या नऊ पेट्यांविषयीं तो निर्धास्त झोंपतो. मर्यादेनें मालकाचें रक्षण होतें हें सर्वांस दिसतें; मुखत्याराच्या अब्रूचेंहि होतें, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून हा आक्षेप आम्ही मानीत नाहीं.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणीं आहे, आणि ती केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या प्रकरणांत उघडी पडली. फेसबुकवर एका प्राध्यापकानें (आमच्या जातीची ही कीर्ति!) स्वभावपरीक्षेचें एक ॲप २०१३ च्या सुमारास चालविलें. सुमारें २ लाख ७० हजार लोकांनीं तें घेतलें आणि विचारलेली परवानगी दिली. त्या काळीं फेसबुकच्या नियमांप्रमाणें त्या परवानगींत मित्रांची माहितीहि येत असे. २०१८ सालीं फेसबुकनें सांगितलें कीं ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती अशा रीतीनें गेली असावी. भारतापुरतें म्हणाल तर तें ॲप घेणारे अवघे ३३५. त्यामुळें ज्यांच्या माहितीस पाय फुटले असण्याचा संभव, ते ५ लाख ६२ हजारांहून अधिक. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं येथें कोणीं कुलूप फोडलें नव्हतें. मुखत्यारपत्र रीतसर होतें, सही खरी होती, टोकन अस्सल होतें. पुढें ती माहिती नियम मोडून दुसऱ्याच्या हातीं गेली, हा दोष उघडच आहे. पण त्याच्याहि आधीं एक प्रश्न होता, आणि तो कोणींच विचारला नाहीं.

तो प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. द्यूतसभेंत द्रौपदीनें पणाचे फांसे खरे कीं खोटे हें विचारलें नाहीं. धर्मराजानें आधीं स्वतःला पणास लावून गमावलें कीं आधीं मला, एवढेंच तिनें विचारलें. म्हणजे देणाऱ्याला देण्याचा अधिकार होता कीं नाहीं, हें विचारलें. भीष्मांस उत्तर देतां आलें नाहीं. कौरवांतला विकर्ण तेवढा उठून बोलला, आणि त्यानें आणखी एक गोष्ट दाखविली: द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची नव्हे, पांचांची. जें सामाईक आहे तें एकानें पणास लावावें कसें?

आपली बहुतेक माहिती अशीच सामाईक असते. भ्रमणध्वनींतील नांवांची यादी माझी म्हणावयाची, पण तींतला एकहि क्रमांक माझा नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांनीं ज्यांस जन्म दिला, ते 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' २०२१ पासून आपल्याकडे चालू झाले आहेत. कर्ज देणाऱ्याला आपला खातेउतारा आपल्या संमतीनें मिळावा, ही त्यांची योजना. आणि ती पुष्कळ विचारपूर्वक केलेली आहे. माहिती कोणास, कशासाठीं, किती दिवस, हें संमतिपत्रांत लिहावें लागतें, संमति मागें घेतां येते, आणि मधल्या दलालास उतारा वाचतां येत नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें तर संमति देणें जितकें सोपें तितकेंच ती काढून घेणें सोपें असावें, असें बंधन घातलें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. पण खातेउतारा उघडून पाहावा. बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठीं पाठविलेले पैसे त्यांत आहेत. धाकट्या भावानें हप्त्यास कमी पडले म्हणून घेतलेले, आणि तीन महिन्यांनीं परत केलेले, तेहि आहेत. संमतिपत्रावर सही एकट्या खातेदाराची. भावानें ते पैसे घेतले तेव्हां ही गोष्ट घराबाहेर जाणार नाहीं, या विश्वासानेंच घेतले होते. आणि कर्ज देणाऱ्याचें यंत्र त्याचें नांव रकमेसकट वाचीत असतें, तेव्हां त्याला कोणीं विचारलेलें नसतें.