पूर्वजन्मीचं पाप आणि बारा महिन्यांच्या गोळ्या

कुष्ठरोग हे पूर्वजन्मीच्या पापाचं फळ, असं मानणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारता येतो: सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी ते पाप फिटतं कसं? १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेनने या रोगाचा जंतू शोधला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन एकत्र देण्याची शिफारस केली. पापाची कल्पना मात्र जागची हलली नाही.

खरं तर कर्म मानायचं, तर शुश्रूषा हेही कर्मच. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींना स्वतः मालिश करत.

हे काम उदात्त कमी, कंटाळवाणं जास्त. बधिर पाय रोज पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचं, तळव्यावर जखम शोधायची. दुखत नसल्याने रुग्णाला ती कळतच नाही. कानाच्या पाळीवरच्या गाठी पाहायच्या. पापणी मिटत नसेल तर डोळ्यात थेंब घालायचे, मुद्दाम डोळे मिटण्याची सवय लावायची. वेदनेला देवाची शिक्षा म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. या रोगात हातापायांची बरीचशी हानी होते ती वेदना हरपल्यामुळे!

त्यात क्लोफाझिमिनने त्वचा काही काळ काळपट होते. जंतू मरत असतात आणि शेजाऱ्यांना वाटतं, रोग वाढला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळायला कायद्यालाही २०१९ उजाडावं लागलं.