मुलांना मुंबई दाखवताना



दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या घराघरांत एक बेत शिजू लागतो: एखाद्या रविवारी मुलांना मुंबईला न्यायचे. राणीबाग, गेटवे, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि अलीकडे एखादा मॉल. यात फादरांनी लिहिण्यासारखे काय आहे, असे कुणी म्हणेल. सहल ती सहल; तिच्यात नीती-अनीतीचा प्रश्न कुठून आला? प्रश्न आहे, आणि तो फार जुना आहे. माणसाची विश्रांती कशासाठी असते? आणि ती कोणाची असते?

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात याला उत्तर दिले आहे. माणूस काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून, असे त्याचे म्हणणे. आपण हे उलटे करून ठेवले आहे. सोमवारी पुन्हा कामाला जुंपून घेता यावे म्हणून आपल्याला रविवार लागतो. मोबाईल चार्जिंगला लावावा तसे आपण स्वतःला एक दिवस लावून ठेवतो. गंमत म्हणजे फुरसतीला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, ‘स्खोले’, त्यावरूनच ‘स्कूल’ हा शब्द आला. ज्याला मोकळा वेळ आहे तोच शिकू शकतो, हा त्यामागचा विचार. आज आपल्या मुलांची शाळा, शाळेनंतरचा क्लास आणि क्लासची रविवारची टेस्ट पाहिली, तर ॲरिस्टॉटलला आपलाच शब्द ओळखता येणार नाही.

अशा मुलांना एक दिवस मोकळा मिळतो आणि तोही आपण टाइमटेबलासारखा आखतो. नऊला चर्चगेट, साडेनऊला गेटवे, अकराला म्युझियम, दोनला राणीबाग, पाचला चौपाटी. पैसे घालून गेलो आहोत, तेव्हा सगळे ‘वसूल’ झाले पाहिजे. राणीबागेचेच पाहा. तिथले पेंग्विन २०१७ पासून लोकांना पाहता येतात आणि जो तो मुलांचा हात धरून तिकडे धावतो. त्याच आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर, एक दगडी हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. यालाच पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायला उचलले, तेव्हा तो पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीबागेत आले आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. समजा, आपला सात वर्षांचा मुलगा या हत्तीपुढे थांबला आणि त्याचे सांधे कुठे दिसतात ते शोधू लागला. आपण काय म्हणतो? ‘चल लवकर, पेंग्विनची रांग वाढेल.’ मुलाची ‘स्खोले’ सुरू झाली होती, ती आपण बंद पाडली.

संत ऑगस्टीन यांनी एक भेद केला आहे. काही गोष्टी वापरायच्या असतात, काहींमध्ये रमायचे असते. माणसाने पूर्णपणे रमावे असा त्यांच्या मते एक परमेश्वरच. आणि एकमेकांत रमायचे तेही त्याच्यामध्ये. हा भेद सहलीला लावून बघा. मुलांबरोबरचा दिवस आपण रमण्यासाठी काढतो की वापरण्यासाठी? शेजारची मुले जाऊन आली म्हणून, फोटो पाठवता यावेत म्हणून, वर्षभर वेळ देता आला नाही त्याची भरपाई एका दिवसात उरकावी म्हणून? भरपाईचा दिवस ओळखायला सोपा असतो. मूल दमून तोंड पाडून बसले की वडील म्हणतात, ‘एवढा खर्च केला आणि तू असा बसलास?’ म्हणजे आनंद ही मुलाने फेडायची रक्कम झाली. देणगी दिली आणि लगेच पावती मागितली.

मात्र त्या वडिलांवर रागावण्याआधी त्यांचेही ऐकून घेऊ या. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी पुरुष आणि स्त्रिया हे अंतर आठवड्यातून सहा दिवस उभ्याने कापतात. त्यांच्यासाठी मुंबई म्हणजे विरार फास्टचा दरवाजा, दादरचा पूल, मस्टरवरची सही. रविवारी मुलांचे बोट धरून त्याच फलाटावर उभे राहायचे, त्यात बहुधा कुठेतरी जम्बो ब्लॉक. या माणसाने हसतमुख असावे अशी अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी? मुलांसाठी जे नवलाचे शहर, ते वडिलांसाठी कामाचे ठिकाण. एकाच डब्यात बसून दोघे दोन वेगळ्या गावांना निघालेले असतात.

यावर आम्हाला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मुलांना मुंबई दाखवायची, तर वडील किंवा आई जिथे रोज उतरतात ते स्टेशन दाखवा. ज्या इमारतीत काम करतात ती बाहेरून का होईना दाखवा. जिथे डबा उघडतात, जिथे पावसात आडोशाला थांबतात, ती जागा दाखवा. आपल्या वाड्यांतून भाजी, दूध आणि फुले घेऊन मुंबईला जाणारी आजोबांची पिढी होती. त्यांच्या नातवंडांना दादरचा बाजार फक्त पुलावरून ठाऊक आहे. याला तिकीट पडत नाही. आणि ज्या शहराने आपल्या माणसाला दमवले तेच शहर त्याने आपल्या मुलाला हात धरून दाखवले, तर त्या दमण्याला थोडा अर्थ येतो. मुलालाही कळते की बाबा सकाळी जातात म्हणजे कुठे जातात.

खेळण्याबागडण्याला ख्रिस्तसभेने कधी कमी लेखलेले नाही, हेही सांगायला हवे. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात या विषयाला जागा दिली आहे. धनुष्याची दोरी सतत ताणलेली ठेवली तर धनुष्य मोडते, संत योहानाविषयीची ही गोष्ट ते तिथे सांगतात. पुढे तर ते म्हणतात की जो स्वतः कधी गंमत करत नाही आणि दुसऱ्यांच्या गमतीवरही विरजण घालतो, तो दोषी आहे. बागेतल्या बाकावर बसून मोबाईलमध्ये डोके घातलेल्यांनी हे मनावर घ्यावे.

मग बेत आखायचाच नाही का? आखायचा, आणि तो न्यायासाठी आखायचा. बेत नसला की सगळा भार एकाच माणसावर पडतो, आणि ते माणूस कोण हे सांगायला नको. पहाटे चारला उठून डबे भरणार आई, पाण्याच्या बाटल्या आणि जादा कपडे आठवणार आई, रात्री परतल्यावर चूल पेटवणार आई. विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा निर्गमच्या पुस्तकात आहे. त्या दिवशी काम न करणाऱ्यांच्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास-दासी आहेत, गुरे आहेत, दाराशी आलेला परका आहे. पत्नीचे वेगळे नाव नाही. ‘तू’ म्हटल्यात ती आलीच, असे विद्वान सांगतात. आपल्या घरांत मात्र ती यादीबाहेर राहिल्यासारखीच वागवली जाते. म्हणून डबे शनिवारी सगळ्यांनी मिळून करावेत, किंवा सरळ बाहेर वडापाव खावा. एका दिवसाने काही बिघडत नाही.

त्या यादीत गुरे आहेत याचा उल्लेख मुद्दाम केला. गेटवेजवळच्या घोड्यांच्या व्हिक्टोरिया ही मुलांची मोठी हौस होती. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. आपल्या मजेचा भार कोणीतरी ओढत असते, हे त्या घोड्यांकडे पाहून समजणे सोपे होते. चौपाटीवर आपल्याच मुलांच्या वयाचे पोर फुगे विकायला आले की समजून घेणे अवघड जाते. मूल विचारते, ‘याला सुट्टी नाही का?’ आपण बहुधा फुगा घेऊन विषय मिटवतो. उत्तर आमच्यापाशीही तयार नाही, पण मुलाला गप्प करू नये, एवढे नक्की. घरी येताना गाडीत त्यावर बोलावे.

राहता राहिले व्यवहाराचे. राणीबाग बुधवारी बंद असते, एलिफंटा सोमवारी. सुट्टीत मधल्या वारी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. एका दिवशी एकच मोठे ठिकाण पुरे. रविवारी पहाटेच निघणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला यावे. १९८३ च्या कॅनन लॉप्रमाणे ती रविवारची मिस्सा म्हणून चालते. आणि घरी एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, तर जाण्याआधी शेजारी सांगून जा. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटनेच्या सभासदांनी त्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे डोकावण्याचे कबूल केले आहे. नावे सॅक्रिस्टीत द्यावीत.

आपले फादर