मधला भाग का गाळावा?

पैठणच्या श्रीएकनाथमहाराजांनी (समाधी इ. स. १५९९) निजामशाही अमलात ‘हिंदु-तुर्क संवाद’ रचला. तो काळ गोडीगुलाबीचा नव्हता. १५६५ साली विजयनगर उद्ध्वस्त झाले, ते नाथांच्या हयातीतच. आणि नाथांचे गुरू श्रीजनार्दनस्वामी मुसलमान राजाचे चाकर, देवगिरीचे किल्लेदार, असे परंपरा सांगते. संवादात तुर्क मूर्तिपूजेला दोष देतो. हिंदू विचारतो, देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का? कोणीही राखून बोलत नाही. शेवटी मात्र दोघे आलिंगन देतात.

येलदरीस एका सप्ताहात आम्ही हा विषय घेतला. मंडपाच्या कडेला एक मुसलमान म्हातारेबाबा बसलेले. त्यांना वाईट वाटू नये म्हणून भांडण गाळून आम्ही थेट आलिंगन सांगितले. कीर्तन आटोपल्यावर ते म्हणाले, “महाराज, मधलं का सोडलंत? भांडण ऐकल्याबिगर मिठी खरी कशी वाटंल?”

श्रोतेहो, आम्ही निरुत्तर झालो. ज्याला खरे ऐकवायला आपण भितो, त्याला आपण अजून परकाच मानतो. द्वेषाने बोलणे पापच. पण आपलेपणाने सांगितलेला दोष म्हणजे द्वेष नव्हे. नाथांनी दोघांचेही दोष दोघांकडून वदविले, म्हणून आलिंगनही दोघांचे झाले. आता आम्ही मधला भाग गाळीत नाही.

रामकृष्णहरि!