दार कुणाचे ठोठवायचे?

मोहल्ल्यात गटार तुंबले की आपण सरकारला दोष देतो. कबरस्तानाला जागा अपुरी पडली तरी सरकार आणि हजचा खर्च वाढला तरी सरकारच. पण हे सरकार म्हणजे नेमके कोण?

शहरातले गटार नगरपालिकेचे. कबरस्तान हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय. शिवाय १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांत त्याची नोंद आहे. देशाबाहेरची यात्रा केंद्राकडे, देशातली राज्याकडे. म्हणून हजचा प्रश्न दिल्लीचा. धार्मिक देणग्या आणि धर्मादाय संस्था समवर्ती सूचीत. वक्फचा कायदा संसद करते, त्याचे मंडळ राज्यात असते. शिक्षण आधी राज्याचे होते, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते दोघांचे झाले.

आम्ही हे वर्गात शिकवतो तेव्हा ती गुणांपुरती माहिती ठरते. खरा प्रश्न मात्र इन्साफचा आहे. ज्याच्या हाती अधिकारच नाही त्याला जाब विचारणे म्हणजे बेकसुराला पकडणे. आणि त्याच वेळी ज्याच्याकडे ती अमानत सोपवली आहे, तो निर्धास्त सुटतो. नगरसेवक आमदाराकडे बोट दाखवतो, आमदार दिल्लीकडे. आपल्या अज्ञानावरच हा खेळ चालतो.

कुणी विचारील, दिवसभर हातगाडी ओढणाऱ्याने घटनेच्या अनुसूच्या पाठ कराव्यात काय? मुळीच नाही. कायद्यालाही ते मंजूर नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ६(३) सांगते की अर्ज चुकीच्या कार्यालयात आला, तर त्या कार्यालयानेच तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवावा. म्हणजे दार शोधण्याचे ओझे दुबळ्यावर टाकू नये, हे तत्त्व मान्य आहे. पण ही सोय माहितीच्या अर्जापुरती. आणि तो अर्ज तरी कुणीतरी लिहावाच लागतो.

मग हे ज्ञान कुणाचे कर्तव्य? आम्हाला ते फर्ज-ए-किफायासारखे वाटते. जनाज्याची नमाज काहींनी अदा केली की सर्वांची जबाबदारी उतरते. कुणीच केली नाही, तर सारी वस्ती गुन्हेगार. दर मोहल्ल्यात नेमके दार ओळखणारे चार जण असले तरी पुरे. ते नसतील, तर तुंबलेल्या गटाराचा हिशेब आपल्यापैकी प्रत्येक शिकलेल्या माणसाकडेही मागितला जाईल.