किल्लीचे माप

बंधनातून सोडवणारे ज्ञान बाहेरून लाभते, की त्याचा आकार बंधनाच्या घडणीतच असतो, या प्रश्नाचा विचार करू लागलो म्हणजे, जेथे एकाच दुकानी मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत सौदा होतो त्या हुलसूरसारख्या सीमेवरच्या बाजारपेठेत किल्ली हरवलेले कुलूप खोलणाऱ्या कारागिराचे काम मला विशेष प्रमाणभूत वाटते. कुलपाची मालकी शाबीत झाल्यावरच तो रिव्हेटांची डोकी कानशीने घासून काढतो, आणि मागचा पत्रा उचलताच पितळी लिव्हरांची चळत, त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा व कडी अडवणारी खुंटी दृष्टीस पडते. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. सर्व खाचा एका रेषेत आल्याखेरीज खुंटीला वाट मिळत नाही. १७७८ साली रॉबर्ट बॅरन या इंग्रजाने पेटंट घेतलेल्या रचनेचे मर्म असे की, लिव्हर कमी उचलला गेला तर कुलूप उघडत नाही, आणि अधिक उचलला गेला तरीही उघडत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजन व निराहार ही दोन्ही योगाला प्रतिकूल ठरवली आहेत, ती याच न्यायाने.

मग कारागीर कोरी किल्ली घालून कोणता लिव्हर फाजील वर जातो ते पाहतो, तेवढ्याच दात्यावर कानशीचे एकदोन हात मारतो आणि पुन्हा घालून पाहतो. घाई त्याला परवडत नाही, कारण एकदा घासला गेलेला धातू परत भरून येत नाही.

मोक्ष उत्पाद्य नव्हे, असे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपादिले, तेव्हा साधनेचे प्रयोजन काय, हा आक्षेप स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मला या कानशीत सापडते. किल्लीचे माप कारागीर निर्माण करीत नाही, ते कुलपात आधीच सिद्ध असते. कोऱ्या किल्लीत भर काहीच पडत नाही, जे अडते तेवढेच झिजते. परंतु अहंता, लोभ आणि भय यांची चळत प्रत्येकाच्या ठायी निराळी, म्हणून गुरूची तयार किल्ली शिष्याच्या कुलपाला लागेलच असे नाही. गुरूने झाकण उचलून आत पाहावयास शिकवावे. याच मुलखात, बसवकल्याणनजीक लाडवंती येथे १८१७ साली जन्मलेल्या माणिकप्रभूंनी सकलमत संप्रदायात सर्व मतांना आदराचे स्थान दिले, त्याची सार्थकता मला येथे पटते.

देहदंडाचा घण घालणाऱ्याचे दारही कदाचित उघडेल. पण ज्या इंद्रियसंयमाची गरज पुढेही पडावयाची, त्याचे साधनच तो मोडून बसतो. यास्तव चातुर्मासात नवे व्रत धरू पाहणाऱ्यांना माझी विनंती आहे की, आपण नेमके कोठे अडतो हे त्यांनी आधी काही दिवस स्वस्थपणे पाहावे, आणि व्रताची निवड त्यानंतर करावी.