फेफरेकऱ्याने डोंगर चढावा काय?

ठाणे, कल्याण अथवा डोंबिवली येथील एखाद्या मंडळीतून तरुणांची सहल नेरळावरून माथेरानास निघाली, की ज्या घरी कोणास फेफऱ्याची व्यथा आहे त्या घरी एक प्रश्न उभा राहतो: उंचावर फेफरे येईल, तर लेकरास पाठवावे की घरी ठेवावे? प्रश्न वैद्याचा दिसतो खरा; परंतु त्याचा अर्धा भाग मंडळीचा आहे.

वैद्याचा भाग आधी उरकू. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच आहे. तेथे प्राणवायू इतका कमी होत नाही की तेवढ्यानेच फेफरे यावे. लेह सुमारे 3,500 मीटरांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन तृतीयांशच भरतो, आणि फेफरेकऱ्याने डॉक्टरास विचारल्यावाचून तेथे जाऊ नये. आमच्या डोंगरांवर मात्र वैरी निराळे आहेत: रात्रीचे जागरण, चुकलेली गोळी, उपाशी पोटी केलेली चढण, आणि कडा. (कडा कल्याण स्टेशनातही आहे. फलाटाच्या धारेवर उभे राहणे काही कमी धोक्याचे नव्हे. तेथे जाऊ नको असे मात्र कोणी म्हणत नाही, कारण तेथून पगार येतो.)

आता मंडळीचा भाग. समजा, एका मुलीचे फेफरे गोळ्यांनी दोन वर्षे आवरलेले आहे, आणि सोयरीक मोडेल या भयाने आईबापांनी ते झाकून ठेविले आहे. ती सहलीस जाते. सोबतिणींस काही ठाऊक नाही, म्हणून त्या तिला रात्रभर गाण्यांत जागवितात; सर्वांदेखत गोळी घेण्यास ती लाजते; आणि सकाळी सगळ्यांबरोबर कड्याशी जाऊन उभी राहते. ती पडली तर दोष कोणाचा? आईबापांनी सत्य लपविले, असे आपण तत्काळ म्हणू. मला हा न्याय अपुरा वाटतो. जी मंडळी सत्य सांगणाऱ्यास दंड करिते, तिने लपविणाऱ्यास एकट्यासच दोषी ठरवावे काय? हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतून फेफऱ्याची अट 1999 साली काढण्यात आली. सरकारने जे सोडिले ते आम्ही सोयरिकीच्या बोलण्यात अद्याप धरून बसलो आहो.

कोणी म्हणेल, शुभवर्तमानात हा भुताचा उपद्रव सांगितला आहे. मार्काच्या नवव्या अध्यायातील मुलाविषयी अशुद्ध आत्म्याचा उल्लेख आहे, आणि तो पुसून टाकण्याची माझी इच्छा नाही. परंतु मत्तय 4:24 काढून पाहा. तेथे भूतग्रस्त निराळे व फेफरेकरी निराळे मोजिले आहेत. तेव्हा प्रत्येक फेफऱ्यास भूत म्हणणे शास्त्रास धरून नाही. आणि जोडा हुंगविणे तर कोणत्याच शास्त्रात नाही. मार्काची ती गोष्ट घडते तीही डोंगर उतरल्यावर. वर पेत्र तीन मंडप घालू पाहत होता. खाली शिष्य निरुपाय झाले होते, शास्त्र्यांशी वाद चालला होता, आणि मुलगा होता तसाच होता. प्रभूने बापास विचारिले, हे याला किती काळापासून होते? कोणताही चांगला वैद्य हेच प्रथम विचारतो. कोणाच्या पापाने, असे त्याने विचारिले नाही. मग बापाने विस्तवात व पाण्यात पडण्यापर्यंत सर्व काही सांगितले, तेही लोकसमुदायादेखत.

प्रत्येकाने गर्दीत सांगावे असे मी म्हणत नाही. सहलीचा पुढारी व एक सोबती यांस ठाऊक असले म्हणजे पुरे. सोबत्याने झोप, जेवण व गोळी यांची वेळ पाळवावी आणि कड्यापासून दूर बसवावे. फेफरे आलेच तर दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये. डोक्याखाली मऊ काही द्यावे, कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि 5 मिनिटांत थांबले नाही तर दवाखान्यात न्यावे. ज्या उपदेशकास हे विश्वासाने सांगितले जाईल त्याने ते पोटात ठेवावे. पुढल्या बुधवारच्या सभेत त्या मुलीचे नाव घेऊन प्रार्थना मागणे, हेही फोडणेच होय.