गुडघा, प्रारब्ध आणि तितिक्षा

साठी ओलांडलेल्या बाईचे गुडघे दुखू लागले की घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात: ‘वयाप्रमाणे व्हायचंच’ आणि ‘देहाचे भोग, भोगूनच संपायचे’. पहिले वैद्यकाचे वाटते, दुसरे धर्माचे. परिणाम दोन्हींचा एकच. बाई आधी जिना टाळते, मग देवळाची पायरी टाळते, मग खाली बसणे सोडते आणि हळूहळू तिचे जग दोन खोल्यांपुरते उरते. हे सारे सोशिकपणे, श्रद्धेने घडते, म्हणून त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. तो विचारायला हवा. या सोसण्याला आपल्या धर्मविचाराचा आधार आहे असे मला वाटत नाही. गुडघ्यासाठी रोज केलेला व्यायाम त्या विचाराच्या कितीतरी जवळचा आहे.

आधी शरीराची बाजू. ‘गादी झिजली’, ‘वंगण संपलं’ असे म्हणताना आपण गुडघा यंत्रासारखा समजतो. यंत्र वापरले की झिजते, तेव्हा न वापरणे शहाणपणाचे ठरते. पण सांध्यातली कूर्चा जिवंत आहे. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; सांध्यावर भार पडतो आणि उतरतो तेव्हा भोवतीच्या द्रवातून तिला पोषण मिळते. दुखते म्हणून पाय वापरला नाही तर मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, चालताना बसणारा हिसका झेलायला बळ उरत नाही, गुडघा आणखी दुखतो आणि चालणे आणखी घटते. फिजिओथेरपी नेमकी इथे हात घालते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणे, आडवे पडून पाय सरळ उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2015 साली अशा व्यायामांच्या 54 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शंभराच्या मापावर वेदना सुमारे 12 अंकांनी उतरलेली दिसली. याच संस्थेच्या 2024 च्या आढाव्यात चाचण्या शंभराहून अधिक होत्या. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 13 अंकांचा फायदा दिसला, पण ज्यांना नुसते लक्ष किंवा खोटा उपचार मिळाला त्यांच्या तुलनेत तो नऊच्या आसपास आला. हा चमत्कार नव्हे. झीज भरून येत नाही आणि व्यायाम सोडला की गुणही ओसरतो. तरीही रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटाला आणि मूत्रपिंडाला जो धोका होतो तो इथे नाही, आणि पायांत बळ येते ते वेगळेच. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाला मूळ उपचारांत स्थान आहे, ते यामुळेच.

आता प्रारब्ध. गुडघेदुखी पूर्वकर्माची, असे ठामपणे म्हणणाऱ्याला ते कळले कसे? ज्ञात कारणे याच जन्मातली आहेत: वाढलेले वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेली कामे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत 1992 साली दिसले की दहा वर्षांत पाचेक किलो वजन घटलेल्या स्त्रियांमध्ये दुखऱ्या गुडघ्याच्या संधिवाताचा धोका निम्म्याहून कमी झाला होता. जे या देहात घडले आणि या देहात बदलते, त्याला अटळ कसे म्हणावे? संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला हेच विचारतो: माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मामुळेच का? बुद्ध पित्त, कफ, वात, ऋतुबदल, देहाची हेळसांड अशी कारणे मोजतो, कर्म त्यांतले एक ठेवतो, आणि सगळा भार कर्मावर टाकणारे अनुभवाची मर्यादा ओलांडतात असे सांगतो. कर्म मानणारी चरकसंहिताही विमानस्थानात दैवाबरोबर पुरुषकाराला, म्हणजे या जन्मीच्या प्रयत्नाला, जागा देते. आयुष्य आधीच ठरलेले असते तर औषधे आणि मंत्र कशासाठी, हा तिचा प्रश्न आजही बिनतोड आहे.

यावरचा खरा वजनदार आक्षेप तितिक्षेचा. गीता दुसऱ्या अध्यायात शीतोष्ण आणि सुखदुःखे सोसायला सांगते; विवेकचूडामणीत तर तितिक्षेची व्याख्याच प्रतिकार न करता, चिंता-विलाप न करता सोसणे अशी आहे. मग उपचाराची धडपड कशाला? पण गीतेतले ते सांगणे बसून राहिलेल्या अर्जुनाला उठवण्यासाठी आहे. अठराव्या अध्यायात तीच गीता शरीराला क्लेश होतील या भीतीने कर्म सोडणे राजस ठरवते. अशा त्यागाचे फळ मिळत नाही. दुखऱ्या गुडघ्याला पहिले काही आठवडे व्यायाम नकोसा वाटतो, त्या सुसह्य वेदनेसह तो चालू ठेवणे ही तितिक्षा नाही तर काय? विवेकचूडामणी मोक्षाच्या मार्गाला लागलेल्या साधकाशी बोलते. त्याने ते व्रत स्वतः घेतलेले असते. आपल्याकडे मात्र ‘सोस’ म्हणणारे एक आणि दुखणारे गुडघे दुसरीचे, हे मला सर्वांत खटकते. स्वतःचे व्रत दुसऱ्याच्या देहावर लादता येत नाही. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे सतत उद्धृत होणारे वचनही कुमारसंभवात एका स्त्रीला उद्देशून आहे: उग्र तप करणाऱ्या पार्वतीला, ती आपल्या शक्तीप्रमाणे तप करते ना, हे विचारताना.

घरकाम हाच व्यायाम, असेही म्हटले जाते. घरकामात श्रम आहेत, पण मोजून हळूहळू वाढवलेला भार नाही. खाली बसून भांडी घासणे आणि फरशी पुसणे दुखऱ्या गुडघ्यावर ताण टाकते, मांडीच्या स्नायूला हवे तसे बळ देत नाही. व्यायाम म्हणजे देहबुद्धी जोपासणे, हा आक्षेप उलटाच लागू पडतो: नामस्मरणाला बसलेल्या बाईचे चित्त देहात खिळवून ठेवणारी गोष्ट ठणकणारा गुडघाच असते. राहिले वय. बोस्टनमध्ये 1990 साली वृद्धाश्रमातील 86 ते 96 वयाच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भारासह व्यायाम दिला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. ते सारे गुडघेदुखीचे रुग्ण नव्हते, पण या वयात स्नायू वाढत नाही हा समज त्यांनी खोडला. सत्तरीतल्या आजींना मग नडते ते वेळेचे. सकाळचा अर्धा तास त्यांना स्वतःच्या पायांसाठी मिळायचा तर तेवढा वेळ चहा, डबे आणि केर घरातल्या दुसऱ्या कुणी पाहिले पाहिजेत, आणि हे सूनबाईंच्या आधी मुलाला सांगितले पाहिजे.